खोली रिकामी नाही

"मॅडम, तुम्ही बाजूले व्हा. मार्किंग करू द्या त्याले," बाबाराव म्हणाले.

मी बाजूला झाले नाही. पीओपीवाला टेबलावर चढून भिंतीवर रेघ मारत होता आणि इकडे माझं डोकं तापलं होतं. त्या रेघेच्या वर जे जे होतं, ते सगळं उद्या फॉल्स सीलिंगमागे झाकलं जाणार होतं. सागवानी तुळया, लाकडी छत, भिंतीत पार वर बसवलेली रोशनदानं, म्हणजे हवेचे झरोके. दोन वर्षं खपून आम्ही ते एकेक करून जागेवर आणलं होतं.

मी कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट आहे. म्हणजे जुनी घरं दुरुस्त करते, पण त्यांचं जुनेपण न घालवता. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधला हा बंगला राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, खाणीवरच्या कुण्या गोऱ्या साहेबाने बांधलेला. बाबाराव भिवापूरचे, पिढीजात मिरचीचे व्यापारी. त्यांनी तो पडक्या अवस्थेत घेतला, माझ्याकडून नीट करवून घेतला आणि त्यांच्या मिसेसनी, कुंदाकाकूंनी, तिथे बेड अँड ब्रेकफास्ट सुरू केलं. पाहुण्याने मुक्काम करायचा, सकाळी काकूंच्या हातचे तर्री पोहे खायचे आणि आपल्या वाटेने जायचं. साधा धंदा.

हिवाळा झकास गेला. उन्हाळा लागला, कूलर सुरू झाले आणि तक्रारी आल्या. कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत कुबट वास येतो. चादर अंगाला चिकटते. भिंतीला टेकलं की कपडे पांढरे होतात. लोकांनी हे मोबाइलवर लिहिलं, बाबारावांनी वाचलं आणि ठरवून टाकलं. चुन्याचा गिलावा खरवडायचा, सिमेंट मारायचं, वर फॉल्स सीलिंग आणि एसी. मला विचारलं नाही. काकूंनी फोन केला म्हणून कळलं.

"काहून हट्ट करून राहिल्या?" बाबाराव म्हणाले. "तुमच्या चुन्यानं माझा धंदा बसवला."

"चुन्याने नाही बसवला. कशाने बसवला ते मला शोधू द्या. त्याआधी या तुळईत एक जरी ड्रिल लागलं, तर गेटवरची माझ्या नावाची पाटी मी उखडून नेईन. आणि का नेली ते विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

"सांगा. मिरचीवाला आहो मी. मले ठसका लागत नाही."

हो का, म्हटलं. मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर तीच कोपऱ्यातली खोली बुक केली. पाहुणा खोलीत असताना तिथे कुठलंही काम होणार नाही, अशी पाटी काकूंनी व्हरांड्यात हौसेने लावली होती. आता पाहुणी मी होते.

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबत म्हणाल्या, "बुकिंग तं बुकिंग आहे. उतर गा खाली, टेबल पुसून दे."

पीओपीवाला उतरला. बाबाराव बाहेर निघून गेले.

मी पलंगावर आडवी झाले. मे महिन्यातली दुपार, बाहेर रस्त्यावर कुत्रंही नाही. खिडकीतला कूलर घरघरत होता. पहिली काही मिनिटं स्वर्ग वाटला. मग मान चिकचिकली, उशी दमट झाली आणि तो वास आला, पावसाळ्यात न वाळलेल्या टॉवेलचा. लोक खोटं बोलत नव्हते. मला तिथे पडल्यापडल्या लाज वाटली आणि रागही आला, कारण घर असं वागणारं नव्हतं.

कूलर म्हणजे काय, तर पाण्याने भिजलेल्या खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्यांतून आत ओढलेली हवा. ती गार असते आणि ओलीही. म्हणून कूलर लावला की हवेला बाहेर जायला वाट ठेवावी लागते. नागपुरात हे कुणी शिकवत नाही, लहानपणी आईची बोलणी खाऊनच कळतं. पण बाहेरगावचा पाहुणा कूलरला एसी समजतो आणि दारंखिडक्या घट्ट लावून बसतो. हे धरूनच मी रोशनदानांवर विसंबले होते. दोरी ओढली की वरची झडप फिरते आणि ओली हवा निघून जाते. पाहुण्याने खिडकी उघडली नाही तरी चालतं.

मी दोरी ओढली. झडप हलली नाही. दुसरी ओढली. तीही नाही.

शिडी मागवली आणि बाहेरून चढले. रोशनदानांवर जाड प्लास्टिकच्या शीट ठोकल्या होत्या, कडेने पुट्टी भरून. काम इतकं सुबक की खालून काच वाटावी.

"हे कोणी केलं?" मी वरूनच ओरडले.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. बाबाराव छाती काढून म्हणाले, "मी केलं. मागच्या पावसाळ्यात. गोदामात असंच करतो आम्ही. एक भोक राहिलं का मिरचीले ओल लागते, मंग ते काळी पडते. ओल घरात शिरू द्यायची नाही."

आता बोला. माणसाने अख्खा बंगला मिरचीच्या गोदामासारखा बंद केला होता, आणि तो मायेनेच.

मी शिडीवरून उतरले. "बाबाराव, शेतातून ओली मिरची आली, तर ती तुम्ही गोदामात भरून दार लावता?"

"पागल झाल्या का? आधी मोकळ्यावर पसरवतो. वाळल्याशिवाय आत नेतच नाही."

"मग तुमचा कूलर दिवसभर ओली हवा आत भरतोय. तिला कुठे पसरवता?"

बाबारावांनी वर रोशनदानाकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "सांगा ना आता. बोलून राहिले होते ना इतका वेळ."

पण बाबाराव बधणारे नव्हते. शीट काढायला परवानगी दिली, वर म्हणाले, "एका दुपारनं काय होते? उद्या तुम्ही जाता, माणूस परवा काम सुरू करते."

"मग मी जात नाही," मी म्हटलं.

आणि गेले नाही. प्रताप नगरातल्या माझ्या घरी पीओपी आहे, एसी आहे, आणि नवरा रोज फोन करून विचारत होता की माहेरपण संपलं का. मी ऑफिसचं काम तिथेच टेबलावर मांडलं. रोशनदानांना कबुतरांसाठी जाळी बसवून घेतली. दिवसभर दोऱ्या ओढलेल्या ठेवल्या. भिंत हळूहळू कोरडी पडत गेली, कारण चुना ओल धरून ठेवत नाही, वाट मिळाली की सोडतो. सिमेंट मारलं असतं तर तीच ओल आत कोंडून राहिली असती.

एका दुपारी बाबाराव तपासणीला म्हणून आले. भिंतीवरून हात फिरवला, हात पाहिला, वास घेतला. मग आरामखुर्चीत बसले आणि भांडण सुरू करण्याआधीच घोरायला लागले. मी आणि काकू दारात उभ्या राहून बघत होतो. मला त्या क्षणी जो आनंद झाला, तो कुठल्या ॲवॉर्डने झाला नसता.

त्यांचा फोन वाजला. पीओपीवाला होता. बाबारावांनी डोळे न उघडता फोन कानाला लावला.

"खोली रिकामी नाही," ते म्हणाले. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही होणार गा. तू दुसरं काम पाह्य."

माझी माफी त्यांनी मागितली नाही. आता येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते दोरी ओढून दाखवतात आणि ही युक्ती आपल्या गोदामातली आहे असं सांगतात. सांगू देत. तुळया शाबूत आहेत.

माझ्याकडे नव्याने आलेल्या आर्किटेक्टांना मी एवढंच सांगते. क्लायंटने ओलीची तक्रार केली की लगेच ओल मोजायचं मीटर काढू नका. आधी तिथे एक दुपार झोपा. आणि झोप लागेपर्यंत खोली सोडू नका.