टेकडीच्या वाटेवर मोटर

टेकडीच्या पायवाटेवर कुणी गाड्या आणू नयेत म्हणून महापालिकेनं खाली फाटक बसवलंय. काल सकाळी मी फिरायला निघालो, तेव्हा तिथे एक आजी बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरमधून आल्या.

"मोटर आहे का याला?" फाटकावरच्या रखवालदारानं विचारलं.

"आहे की," आजी म्हणाल्या.

तो बराच वेळ 'वाहनांना बंदी' या पाटीकडे बघत राहिला. मग फाटक उघडत म्हणाला, "चालणाऱ्यांच्या वेगानं न्या, आजी. आणि हॉर्न वाजवायचा नाही."

वर पाखरं ऐकू यावीत, कुणाला दचकून बाजूला व्हावं लागू नये, एवढंच तर त्या पाटीला म्हणायचं असणार. ते त्याला बरोबर कळलं होतं.

अर्ध्या चढावर मी धापा टाकत वाटेच्या मधोमध थांबलो. मागून आजी आल्या आणि हळूच तोंडानं म्हणाल्या, "पीं पीं."