मापांचं कडवं

शेलूबाजारला आमचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानाच्या ओट्यावर दर्जीचाचांचं मशीन. गिऱ्हाइकानं आत कापड फाडून घ्यायचं आणि बाहेर येऊन माप द्यायचं, अशी रीत होती. ओट्याच्या बदल्यात चाचा रोज सकाळी दुकानापुढचं झाडून काढत आणि आमच्या घरचे कपडे शिवत. तेव्हा मला हे अगदी रास्त वाटायचं. आता सांगताना जीभ अडखळते.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी वाशीमला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मला कवी व्हायचं होतं. व्हायचं कसलं, दिसायचं होतं. दाढी वाढवली होती, खांद्याला शबनम अडकवली होती, फक्त कविता तेवढी होत नव्हती. आमचं जैन व्यापाऱ्याचं घर, पोट भरलेलं. दुःख तरी कशाचं करायचं? ते मला चाचांच्या मशीनच्या खणात सापडलं.

चाचांचे कोणी नातेवाईक हैदराबादहून जुनी उर्दू मासिकं पाठवत. एका अंकात फिलिस्तीनी, म्हणजे पॅलेस्टाइनच्या, कवींच्या कविता होत्या. त्यांतल्या एका कवितेत निर्वासितांच्या छावणीतल्या तंबूत राहणारा माणूस आपल्या गावच्या विहिरीशी बोलतो. आता तुझं पाणी कोण शेंदतं, दोर कोणाच्या हातात असतो, असं विचारतो. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना चाचांनी ती सहज वाचून दाखवली आणि मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. बाजाराचा दिवस सोडला तर दुपारी शेलूत गिऱ्हाईक नसे. चाचा एक ओळ उर्दूत वाचत, तिचा अर्थ वऱ्हाडीत सांगत, मी मराठीत उतरवत असे. ‘जैतून’पाशी, म्हणजे ऑलिव्हपाशी, आम्ही अडलो. ते झाड चाचांनी पाहिलं नव्हतं, मी तर नावही ऐकलं नव्हतं.

“निंब लिही,” चाचा म्हणाले. “त्याले सावलीशी मतलब.”

मी जैतूनच ठेवलं. परका शब्द भारी दिसतो.

चौथ्या दुपारी चाचा वाचता वाचता थांबले. चष्मा पुसला. मी वहीत मान घालून बसलो होतो, त्यामुळे ते कुठे पाहत होते ते मला दिसलं नाही. मग ते सावकाश म्हणाले, “निघालो तवा गावच्या पोरायची मापं माह्या वहीत राह्यली. सदरे शिवाचे राह्यले. आता ते पोरं मोठे झाले असतील. पन वही उघडली का पोरं तेवढेच्या तेवढेच.”

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. तो कवी शिंपी असला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. त्यांच्याकडे शिंपीसुद्धा कविता करतात, आपल्याकडे का करत नसावेत, असाही एक उदात्त विचार मनात आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. कळसा माझ्याशेजारी बसून सुईत दोरा ओवत होता.

कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी ती कविता वाचली. मापांचं कडवं आलं आणि सभागृहात खोकणारेही गप्प झाले. मग टाळ्या. मराठीच्या सरांनी पाठ थोपटली, वार्षिक अंकात छापू म्हणाले. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो तो आठवडाभर उतरलोच नाही.

आठवड्यानं सरांनी बोलावून घेतलं. त्यांनी कुठूनसं त्याच कवितेचं इंग्रजी भाषांतर मिळवलं होतं.

“बाकी सगळं जुळतं,” ते म्हणाले, “पण हे मापांचं कडवं यात नाही. कुठून आणलंत?”

त्याच क्षणी मला कळलं, ते कडवं चाचांचं होतं. चाचा पैनगंगेच्या पलीकडचे. तिकडे निजामाचं राज्य होतं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत ते बायकोपोरांना घेऊन, अंगावरच्या कपड्यांनिशी नदी ओलांडून आले होते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मीही ते लहानपणापासून ऐकत आलो होतो. कधी ‘मग काय झालं’ म्हणून विचारलं नव्हतं, एवढंच. सरांना हे सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण ती सांगितली असती तर टाळ्या कोणाच्या, हा प्रश्न आला असता.

“उर्दूवाल्यानं घुसडलं असेल, सर,” मी म्हणालो.

सरांनी पेन पुढे केलं. कडव्यावर काट मी माझ्या हातानं मारली.

शेलूला एसटीतून उतरलो आणि उगाच खात्री करून घ्यावी तसं विचारलं, “चाचा, ते मापाचं मासिकात हाय का?”

मशीन थांबलं. चाचा चक्क लाजले. “नाही बेटा. वाचता वाचता निघालं तोंडातून. तू लिहून घेऊन राह्यला होता, तं म्या थांबवलं नाही.” मग म्हणाले, “राहू देशील ना?”

“राहू देतो,” मी म्हणालो.

उन्हाळ्याच्या तोंडावर अंक छापून आला. चाचांना मराठी बोलता येई, वाचता येत नसे. वाचून दाखव म्हणाले. वाचता वाचता मी त्या जागेपाशी आलो, आणि कागदावर नसलेलं कडवं तोंडपाठ म्हणून मोकळा झालो. नजर ओळींवरून फिरवत, अगदी बेमालूम. म्हातारा खूश झाला, कोणाचं काय गेलं, असं तेव्हा मनाशी म्हटल्याचं आठवतं. या निगरगट्टपणाची आज मला भीती वाटते.

चाचांनी अंक मागून घेतला. उद्या गावी जाऊन येतो म्हणाले. पंचवीस वर्षांत ते एकदाही गेले नव्हते. वाशीमपर्यंत एक एसटी, पुढे दुसरी, नदी ओलांडली की थोडं चालणं. अर्ध्या दिवसाचा रस्ता.

“आताच काहून, चाचा?”

“नुसतं तोंड घेऊन गेलो तं कोन ओळखन मले? घरात माह्या दुसरे लोकं राहून राह्यले. कोनाचं दार वाजवू? पन शाळेच्या मास्तरले म्हनीन, पारावर बसून हे वाच. मापाचं ऐकलं म्हंजे, ज्याचं माप हाय तो उठून उभा राहीन.”

तेव्हा सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण ते सांगायचं म्हणजे आत्ताच समोर बसून खोटं वाचलं हे कबूल करायचं, आणि ज्याच्या हातचा सदरा मी अंगात घालत होतो त्याच्यापुढे मला खाली पाहायचं नव्हतं. सकाळी धुतलेला कुडता घालून चाचा निघाले, तेव्हा पिशवी धरून स्टँडपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो. खिडकीतली जागाही मीच धरून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा परत आले. मशीनवरचं फडकं काढलं आणि अर्धवट राहिलेली कुणाची तरी बाही लावायला घेतली. मी आत कापडाची थानं उलगडत आणि पुन्हा गुंडाळत बसलो होतो. शेवटी बाहेर जावंच लागलं.

“मास्तरनं वाचलं का, चाचा?”

“वाचलं. दोन डाव वाचलं. म्या म्हनलं, अजून एकदा पाह्य मास्तर, कुठं सुटलं असन.” ते बाहीकडेच पाहत होते. “बरे बसले होते लोकं. चहा पाजला मले.”

“कोनी ओळखलं?” हे मी कोणत्या तोंडानं विचारलं, मला आजही कळत नाही.

“ओळखाले त्यात होतं काय, बेटा?”

त्यांनी शिवी हासडली असती तर मी सुटलो असतो. ते बेटा म्हणाले. अजूनही वेळ गेली नव्हती, पाय धरता आले असते.

“छापखान्यात राहून गेलं असन,” मी म्हणालो.

चाचांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“असन,” ते म्हणाले, आणि मशीन सुरू केलं.