डावीकडचा पैलवान

कोल्हापुरात माझं चष्म्याचं दुकान आहे. चष्म्यांवर घर चालतं आणि उरलेल्या वेळात मी जुनी कार्डं गोळा करतो. आमच्या लहानपणी बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची कार्डं निघायची, ती. तेव्हा ती प्रत्येक पोराच्या चड्डीच्या खिशात असायची. आता ती माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पाकिटांत असतात आणि त्यांना कुणी बोट लावलेलं मला खपत नाही. आल्यागेल्याला मी ती हौसेनं दाखवतो, पण हात मागे बांधून बघायला लावतो. बायको म्हणते, देवाला तरी लोक शिवतात, तुमची कार्डं देवापेक्षा सोवळी.

बघणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. "दोन्ही कार्डं एकाच पुडीतली. मग ह्येला एवढी किंमत आन् ह्येला कुत्रं इचारत न्हाय, असं का?"

हे विचारलं की मला चेव येतो. खेळाडू मोठा पाहिजे हे खरं, पण तो मोठा झाल्यानंतरचं कार्ड स्वस्तच मिळतं, कारण तोवर सगळे ते जपायला लागलेले असतात. भाव असतो तो त्याच्या पहिल्या कार्डाला. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि पोरांनी ते सायकलच्या तारांत अडकवून फटफटी वाजवून संपवलेलं असतं. शिवाय कार्डामागं धावा छापलेल्या असत. ठरलेल्या धावा जमल्या की दुकानदार कार्डं काढून घ्यायचा आणि बॅटच्या आकाराचं कीचेन द्यायचा. त्यामुळे शतकं ठोकणारे सगळे दुकानदाराच्या बंबात जळाले आणि शून्यावर बाद झालेले घरोघरी सुखरूप राहिले. कोपरे झिजलेले असले की भाव अर्धा, तेलाचा डाग असला की विषयच संपला. मात्र छापखान्याची चूक असेल, म्हणजे नाव एकाचं आणि फोटो भलत्याचा, तर माणसं त्या कार्डासाठी जीव टाकतात. माणसांच्या चुकांनाही असा भाव असता तर आमची निम्मी गल्ली बंगल्यात राहिली असती.

माझ्याकडं एक कार्ड होतं, पुढं फार मोठ्या झालेल्या एका फलंदाजाचं अगदी पहिलं. कोपरे सुईसारखे. ते माझ्या भूगोलाच्या पुस्तकात राहिलं होतं, आणि ते पुस्तक मी कधी उघडलं नाही म्हणून ते तसंच्या तसं वाचलं. ते मागायला पुण्याहून माणसं आली होती आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं.

ते कार्ड मी गेल्या हिवाळ्यात देऊन टाकलं. ते का दिलं, हे सांगायचं तर आबांकडं यावं लागतं.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव कोडोलीजवळ. आबा तरुणपणी कोल्हापुरातल्या तालमीत होते, नंतर वारणेच्या बाजूला साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर नोकरी केली, आता ऐंशीच्या पुढं माझ्याकडं असतात. आबांचा तरुणपणाचा एकही फोटो आमच्या घरात नाही. सगळ्यात जुना फोटो माझ्या बारशाचा, त्यातही टोपीची सावली तोंडावर आलेली. लोक सांगायचे की आबा काय दिसायचे, काय मान होती, काय मांडी होती, आणि मी मान डोलवायचो. मला ते बघायचं होतं. बाप विशीत कसा दिसत होता हे एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच ती इच्छा, पण ती वाढत्या वयाबरोबर कमी व्हायची सोडून वाढतच गेली.

आशा एकाच जागी होती. आबांची एक कुस्ती एका मोठ्या मैदानात झाली होती आणि समोरचा पोरगा पुढं नावाजलेला मल्ल झाला, इतका की आजही त्याचं नाव निघालं की तालमीतली म्हातारी माणसं सावरून बसतात. त्या दिवशी मात्र त्यालाही कुणी ओळखत नव्हतं. त्याचं ते पहिलं मोठं मैदान. आबा त्या कुस्तीत चितपट झाले. मैदानाचं हँडबिल निघालं होतं आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात दोघांचे फोटो शेजारी-शेजारी होते, असं गावातला एक म्हातारा सांगायचा. ती हँडबिलं हलगी वाजवत जीपमधून उधळली होती. लोकांनी त्यांत भजी बांधली, फळ्यांवर अंथरली, आणि तो पोरगा मोठा झाल्यावर उरलीसुरली हँडबिलं कापून त्याचा तेवढा फोटो तालमीतल्या भिंतींना डकवला. कार्डं काय आणि हँडबिलं काय, आमचा व्यवहार सगळीकडं सारखाच.

मी कितीतरी वर्षं ते हँडबिल शोधत होतो. कुणाकडं गेलो, कुठली रद्दी उपसली, हे रोज जेवताना आबांना सांगायचो. ते भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "कशाला हुडकतोस लेका, काय न्हाय त्येच्यात." मला वाटायचं, हरल्याची लाज अजून गेलेली नाही.

आणि एक दिवस जुने कागद जमवणाऱ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपवर ते आलं. गडहिंग्लजच्या एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडं, अख्खं, घडी न पडलेलं. त्यानं मुद्दामच वरचा भाग तेवढा टाकला होता. खालचं बघायचं तर दुकानात या, म्हणाला, आणि येताना ते भूगोलातलं कार्ड घेऊन या.

आबा म्हणाले, मी बी येतो. मी वाटेत त्यांना दहा वेळा बजावलं. "आबा, तिथं गप बसायचं. तुमी कोण, काय बोलायचं न्हाय. आपल्याला पायजेच हाय असं कळलं की त्यो मान धरंल." आबांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

व्यापारी गोड माणूस होता. "या पावणं," म्हणाला, आतल्या दाराकडं तोंड करून कानडीत चहा आणायला ओरडला आणि चहाबरोबर ताटलीभर तेलकट भडंग ठेवलं, ते आबांनी पुढं ओढलं. मग पुठ्ठ्यांच्या मधून ते हँडबिल काढून काचेवर ठेवलं. गुलाबी कागद, अजून कडक. मी भिंग लावून थेट खालच्या कोपऱ्यावर गेलो. डावीकडं आबा, खाली नावगाव छापलेलं! कान तालमीत मोडलेले, छाती भरलेली, आणि नाक, माझ्या धाकट्या पोराचं आहे तसं नाक. भिंगाची काच धुरकटली तेव्हा कळलं की माझे डोळे भरलेत. नाक शिंकरायचं नाटक करून मी वेळ मारून नेली.

"भाव जरा चढा वाटतोय," मी म्हणालो. "दोघांतल्या एकालाच तर लोकं ओळखत्यात."

"डावीकडचा कोण का असंना, पावणं," व्यापारी म्हणाला. "त्यो फुकट समजा. उजवीकडच्याचं बघा की. त्येचं पैलं मैदान हाय हे. असा दुसरा कागुद दावा मला, भांडी इकायची सोडतो."

मी आबांकडं बघितलं नाही. त्यांच्यादेखत त्यांना कुणी फुकट समजा म्हणत होतं आणि मला मान डोलवावी लागत होती. मी भूगोलातल्या कार्डाऐवजी दुसरी चार कार्डं देऊ केली. तो हसला. मी सहा म्हणालो. तेवढ्यात आबा खुर्चीवरून उठले, चष्मा पुसून वाकले आणि त्यांनी आपला अंगठा सरळ डाव्या पैलवानाच्या तोंडावर ठेवला. चांगला दाबून, बराच वेळ. ओठ हलवत काहीतरी वाचत होते.

"आबा!" मी आणि "आजोबा!" व्यापारी, दोघं एकदमच ओरडलो. त्यांनी अंगठा उचलला. भडंगाचं तेल. पिवळा, गोल, ठसठशीत डाग, बरोबर तोंडावर.

व्यापाऱ्याचा गोडवा तिथंच आटला. "काय केलासा हे! आता कोण घेणार ह्यो? तुमीच न्या, आन् आता चार न्हाय आन् सहा न्हाय."

त्याचं खरं होतं. मी पाकीट उघडलं आणि भूगोलातलं कार्ड, माझ्या लहानपणाचं ते एकमेव शहाणं काम, त्याच्या हातात ठेवलं.

येताना मी मुदाळ तिट्ट्यावरून बिद्रीची वाट धरली. हंगाम चालू होता. कारखान्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली आणि त्यांच्यामागं आम्ही अडकलो. माझा राग तोवर उतरला होता. डाग तर डाग, बाप मिळाला होता. मी म्हणालो, "आबा, नाक बघितलासा? आपल्या धाकट्याचं नाक, तंतोतंत."

आबा हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले.

"लेका, त्यो मी न्हाय."

मी गाडी बंद केली.

"मैदानाच्या ठेकेदारानं फोटू मागितला. फोटू कुठला आमच्याकडं? घरात चहाला दूध नव्हतं. छापखान्यात कुणाच्या तरी फोटूचा जुना ब्लॉक पडलेला, त्योच लावला. नाव तेवढं माझं हाय, गावासकट. वरचं तोंड झाकलं म्हंजी बरं वाचाय येतंय."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईसा?"

"काय न्हाय त्येच्यात म्हणत हुतो की."

"आन् दुकानात?"

"तूच म्हणालास, गप बसा."

माझ्या तोंडून शिवीच यायची, पण शेजारी बाप बसलेला. मी स्टिअरिंगवर हात आपटला. पुढची ट्रॉली हलली, मागचा हॉर्न वाजवायला लागला. आबा खिडकीतून उसाकडं बघत होते. तसेच बघत म्हणाले, "आल्यागेल्याला सांगायचास, आबांचा फोटू हुडकतोय. मला हारल्यावर कुणी कवा हुडकलं न्हाई. बरं वाटायचं ऐकायला. म्हणून न्हाय बोललो."

मी गाडी सुरू केली.

ते हँडबिल आता माझ्या कपाटात आहे. ग्रुपवरचे विचारतात. एकानं कळवलं, खडूची पूड टाकून वरून हलकी इस्त्री फिरवली की तेलाचा डाग बराच फिका होतो, मग भावाचं बोला. हे मला त्याच्या आधीपासून माहीत आहे. नाव एकाचं आणि फोटो भलत्याचा आहे एवढं मी जाहीर केलं, तर हा कागद भूगोलातल्या कार्डाच्या वर जाईल हेही माहीत आहे. दोन्ही करायचं नाही असं मी ठरवलंय. कधी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी भिंग लावून तो पिवळा डाग बघतो. अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्यात, एकात एक गुंतलेल्या. या कागदावर जिंकणारा दुसरा आहे, डावीकडचं तोंड तिसऱ्याचंच आहे, पण या रेषा आमच्या आबांच्या आहेत.

परवा जेवताना ते भाकरी मोडता मोडता थांबले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मग काय, संपलं व्हय तुझं हुडकणं?"

आबांचा तरुणपणाचा फोटो या जगात कुठंच नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"न्हाय आबा," मी म्हणालो. "ह्यो तुमी न्हाईसा. तुमचा अजून घावायचा हाय. रविवारी कागलात एकाकडं जाऊन बघतो."

"बघ," आबा म्हणाले, आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.