मोळीखालची माणसं

मोठेपणी काय करणार असं तलासरीच्या संगिताला शाळेत कोणी विचारलं असतं, तर 'लोकांच्या डोक्यांवर ठिपके देईन' असं काही तिने सांगितलं नसतं. पण लग्न होऊन ती सायवनला आली आणि डहाणू रोडच्या एका लहानशा ऑफिसात तिला हेच काम मिळालं. कॉम्प्युटरवर गर्दीचा फोटो उघडायचा आणि दिसेल त्या डोक्यावर ठिपका ठेवायचा. असे ढीगभर फोटो पाहून प्रोग्राम स्वतःच माणसं मोजायला शिकतो. ऑफिस चालवणाऱ्या रुचिका मॅडमना तो अगदी हलका हवा होता. साध्या मोबाईलवर, रेंज नसतानाही चालेल असा. जत्रेत गर्दी कुठे दाटतेय ते वेळीच कळलं, तर चेंगराचेंगरी टळते.

पहिली चाचणी सायवनच्या बाजारात झाली. संगिताने फोटो काढला, आकडा आला. मॅडमनी हाताने मोजलं, तर बरीच माणसं गायब! फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. डोक्यावर मोळी, टोपली किंवा गवताचा भारा घेतलेल्या बायका प्रोग्रामने सरळ वगळल्या होत्या. त्यांत संगिताची सासू, बारकीही होती.

"आये, तुला मोजलंच नाय यानं," संगिता हसत म्हणाली.

बारकीने मोळी खाली टाकली. "का? मी माणूस नाय?"

मॅडम ओशाळल्या. "आजी, आम्ही त्याला शहरातलेच फोटो दाखवले. मोळी घेतलेलं माणूस त्याने कधी पाहिलंच नाही."

"मग दाखव की! त्यात काय एवढं?"

आणि बारकीने पाड्यावरच्या बायका गोळा केल्या. कोणी मोळी घेतली, कोणी टोपली, एकीने तर कोंबड्यांची पाटी. पुढून, मागून, दाटीवाटीने, सगळ्या फोटो देत फिरल्या. संगिताने मग प्रत्येक ओझ्याखालचं डोकं शोधून ठिपका दिला. ओळखीचे चेहरे असल्याने तिला कामाचा कंटाळा म्हणून आला नाही.

पुढच्या चाचणीत बायका मोजल्या गेल्या खऱ्या, पण कुंपणाला टेकवलेली मोळीही माणूस ठरली.

"वाढा तिला पण दोन भाकऱ्या!" बारकी म्हणाली, आणि मॅडमसकट सगळ्या पोट धरून हसल्या.

मग नुसत्या मोळ्यांचेही फोटो दाखवावे लागले, एकही ठिपका न देता. तेव्हा कुठे प्रोग्राम ताळ्यावर आला.

जत्रेच्या दिवशी संगिता मोबाईल घेऊन मचाणावर उभी होती. देवळाच्या वळणावर आकडा भराभर चढू लागला. तिने ओरडून स्वयंसेवकांना सांगितलं, त्यांनी बाजूची वाट मोकळी केली आणि हळूहळू गर्दी पांगली. लोकांना काही कळलंही नाही. जो तो नारळ नि फुगे घेऊन हसतखिदळत पुढे गेला. ते पाहून संगिताचा ऊर भरून आला.

संध्याकाळी मॅडमनी तिला सुट्टी दिली. ती बारकीला घेऊन आकाशपाळण्यात बसली. पाळणा वर गेला तशी बारकीने तिचा हात गच्च धरला, डोळे मिटले, मग एक डोळा किलकिला करून खाली पाहिलं आणि खुदकन हसली.

"पोरी," ती म्हणाली, "हा थांबला ना, तरी उतरायचं नाय हां."