पुतळीने घेतलेली मास्तरांची परीक्षा

पुतळीचा विश्वास फक्त मिठावर, तोही चाखल्यावर. पेणच्या खाडीकाठी मिठागरात तिची हयात गेली. पोलिओच्या डोसवाल्या बाईंनाही तिने आधी स्वतः दोन थेंब प्यायला लावले होते.

तिची सात वर्षांची मुलगी अपेक्षा जन्मापासून आंधळी. कामावर असताना पुतळी तिला लुगड्याच्या पट्टीने स्वतःच्या कमरेला बांधून ठेवी. गावाला ती माया वाटे. अपेक्षाला विचारायची पद्धत नव्हती.

सत्त्याण्णव साली रोह्याच्या एका संस्थेचे फिरते शिक्षक, दत्तात्रेय मास्तर, अपेक्षासाठी पांढरी काठी घेऊन आले. पोरगी काठीने चालेल, गावच्याच शाळेत बसेल, ठिपक्यांची अक्षरे आपण येऊन शिकवू, असे ते म्हणाले. शेजारच्या गिरजाबाईने असली माणसे पोरांची मूत्रपिंडे काढतात, अशी बातमी कोलाडच्या हॉटेलातून आणली. नवरा रघू म्हणाला, हातात काठी दिली की पोरीवर शिक्काच बसला. पुतळीचा संशय साधा होता: फुकट देणारा नेतो काय, ते आधी कळावे. मास्तरही काही कमी नव्हते. ही बाई पोरीला मुद्दाम डांबते, असा त्यांना वहीम होता.

तिसऱ्या खेपेला पुतळी म्हणाली, "काठीनं वाट कलते ना? मंग डोले बांधून बांधावरनं चालून दाखवा."

तिने स्वतः त्यांच्या डोळ्यांवर पंचा आवळला, वहाणा काढायला लावल्या. मिठात वहाण चालत नाही. काम थांबवून माणसे जमली. मास्तर काठी टेकत वळणापर्यंत नीट गेले आणि तिथे गुडघाभर चिखलात बसले.

"गेला मास्तर," रघू समाधानाने म्हणाला.

पुतळीने कुणालाही हात देऊ दिला नाही. मास्तरांनी काठीने बांधाची कड शोधली, वर आले, टोक गाठले. पंचा सैल झाला नाही ना, हे तिने तपासले.

"पोर अशी पडली तर उचलील कोन?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले.

पुतळीला त्यांचे हे पहिलेच वाक्य खरे वाटले. फसवायला आलेला माणूस असे बोलत नाही.

महिन्याभराच्या शिकवणीनंतर अपेक्षा काठी घेऊन एकटी शाळेला निघाली. पुतळी अनवाणी, अंतर ठेवून मागे. वळणावर पोर थांबली.

"आये, तू पाठी हायस ना?"

पुतळी श्वास रोखून गप्प राहिली. अपेक्षाचा त्या शांततेवर काही विश्वास बसला नाही. "घरा जा," असे बजावून ती पुढे चालू लागली.