टाकीतल्यांचा फराळ

टाकीच्या तळाशी गाळ बसतो, तसे किस्सेही बसत जातात. गाळ मी वेळच्या वेळी उपसतो. किस्से राहून गेलेत, ते आज काढतो.

पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत सांडपाणी साफ करायचा प्लांट आहे. तो मी चालवतो. घराघरांतली घाण खालच्या टाकीत येते, तिथले जिवाणू ती खातात, आणि साफ झालेलं पाणी फ्लशला आणि बागेला जातं. माझी शाळा चौथीतच सुटली. जिवाणूंची इंग्रजी नावं मला येत नाहीत. मी त्यांना पोरं म्हणतो.

*

नवे चेअरमनसाहेब प्लांट बघायला आले. नाकाला रुमाल लावून दारातच थांबले.

"काका, इथे किती जण असतात कामाला?"

"वरती मी एकटा, साहेब. खालती कैक कोटी."

साहेब आत आलेच नाहीत.

*

बाग सोनी सांभाळते. नेरे गावाच्या पलीकडच्या वाडीवरून येते. मला बाबा म्हणते. एकदा बी विंगमधल्या बाईंनी तिला हटकलं, "झाडांना ते घाण पाणी घालतेस?"

सोनीने पाइप खालीसुद्धा ठेवला नाही. "घान तुमचीच हाय ना बाई? परक्याची नाय."

संध्याकाळी त्याच बाई कढीपत्ता मागायला आल्या.

*

मीटिंगमध्ये चेअरमनसाहेब म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. त्यात एकदा जरी प्लांट बसला, तर परत चालू करायचा नाही. बाग काढून तिथे पार्किंग करू, आणि फ्लशला टँकर मागवू."

सेक्रेटरी नेनेमॅडम चहा पीत होत्या. "टँकरवाला मे महिन्यात तुमचा फोन उचलतो?"

"नाही उचलत."

"मग काकांची पोरं बरी. निदान घरी तरी असतात."

लोक हसले, पण ठराव झालाच. बाहेर सोनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, बाग गेली तर मी परत वीटभट्टीवर जाऊ का?"

मी पंप बघायला गेलो.

*

दिवाळीला निम्मी सोसायटी गावाला जाते. माणसं नाहीत तर घाण नाही, आणि घाण नाही तर पोरं उपाशी. ती मेली की पाणी गढूळ होतं, वास मारतं. मग मी बादलीत शेण कालवतो, त्यात गूळ घालतो आणि टाकीत ओततो. यंदाही ओतत होतो. तळमजल्यावरच्या आजींनी ते पाहिलं आणि ताटलीत निरांजन, हळदकुंकू आणि एक करंजी घेऊन आल्या.

"कुठला देव आहे हो हा?"

"देव नाय आजी. पोरं हायत."

"किती?"

"लय."

आजी मागे फिरल्या आणि करंज्यांचा डबाच घेऊन आल्या. पोरांना तेल सोसत नाही, म्हणून त्या मी आणि सोनीने खाल्ल्या.

*

गूळ पुरेना. पाडव्याला पाण्याचा रंग बदलला. मी नेनेमॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी तिथेच मोबाइल काढून सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'जे इथे आहेत त्यांनी कृपया घरचाच संडास वापरावा. ऑफिसला किंवा मॉलमध्ये जाऊन येऊ नये. प्लांटला गरज आहे.'

उत्तरं त्यांनीच मला वाचून दाखवली.

'कंपल्सरी आहे का?'

'भाऊबीजेला सात पाहुणे आहेत. त्यांचं चालेल ना?'

मॅडमनी लिहिलं, 'सगळ्यांचं चालेल.'

चेअरमनसाहेब साताऱ्याला होते. त्यांनी मेसेज वाचल्याचं दिसत होतं. उत्तर काही आलं नाही.

"गाडी लावायला जागा मोजत असतील," मॅडम म्हणाल्या.

*

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि सोनी गेटपाशी उभे होतो. पाणी अजून गढूळच होतं. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. गाडी धड लावलीही नाही, दार उघडं टाकून साहेब उतरले. चेहरा लालबुंद.

"काका, लिफ्ट चालू आहे ना?"

"हाय, साहेब."

पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. मागून वहिनी सावकाश उतरल्या आणि पिशव्या काढू लागल्या. सोनी मदतीला पुढे झाली.

मी विचारलं, "वहिनी, साहेबांना बरं नाय का?"

"बरे आहेत हो. सातारा सोडल्यापासून गाडी कुठे थांबवली नाही. फूड मॉल आला तेव्हा मी म्हटलं, अहो, थांबा आता. तर म्हणाले, 'इथे कशाला वाया घालवायचं?'"