मक्तेदारीविरुद्ध घेतलेला प्रोसेसर

आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर मी तत्त्वासाठी मोडला. तो अजून जोडून व्हायचा होता, ही गोष्ट वेगळी.

कॉम्प्युटर माझा नव्हताच. धाकट्या बहिणीचा, वनिताचा. जालन्याच्या कॅफेत ती गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला गेली की पोरं खुर्चीच सोडायची नाहीत. म्हणून तिनं बारावीची सगळी शिष्यवृत्ती घालून स्वतःची मशीन बनवायला घेतली. मॉनिटर आला, डबा आला, मदरबोर्ड (म्हणजे ज्या पाटीवर सगळं बसतं ती) आला. राहिला फक्त प्रोसेसर. आणि मी जालन्याला मोर्चाला निघालो होतो.

"दादा, चिठ्ठीत लिहिलंय तेच आण. आन् तिथं भाषण करू नको."

भाषण! मी! (माझ्याकडे स्वतःचा भोंगा होता, अँप्लिफायरसकट. त्या वर्षी आमच्या गावात, केदारखेड्यात, मी अकरा पत्रकं वाटली होती. त्यातली दोन लोकांनी वाचलीसुद्धा.)

दुकानात चिठ्ठी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. सगळ्यात मोठ्या कंपनीचा प्रोसेसर! गेल्याच आठवड्यात मी 'मक्तेदारांनो, चालते व्हा!' हे पत्रक काढलेलं, आणि माझ्याच घरात मक्तेदार? तिकडे काचेमागं कोपऱ्यात धाकट्या कंपनीचा प्रोसेसर बिचारा दबून बसलेला. शोषित कोण, हे कळायला मला पत्रक लागत नाही.

"हा द्या!"

"भाऊ, माल चांगला हाय," दुकानदार म्हणाला, "पण बोर्ड कोणता घेतलाय? चिठ्ठीवाल्या कंपनीचा बोर्ड असंल, तर हा त्याच्यात बिलकुल बसायचा न्हाई."

"बसायचा नाही, का बसू द्यायचा नाही?"

तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. म्हणजे श्रोते आले! मी पंधरा मिनिटं बोललो. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "घ्या भाऊ. न्हाई बसला तर आठ दिवसांत बदलून देतो. फकस्त पिना सरळ पाह्यजेत." हा विजय मी एसटीत केदारखेड्यापर्यंत शेजाऱ्याला सांगत आलो.

घरी वडिलांनी, म्हणजे आबांनी, प्रोसेसर आधी आपल्या हातात घेतला. आबांनी जन्मभर बैल पारखलेले. त्यांनी तो उताणा केला, खालच्या बारीक पिनांवरून अंगठा फिरवला आणि निकाल दिला, "दात बराबर हायेत."

वनिताचा चेहरा मात्र पडला. "दादा, हे काय आणलंस?"

"पर्याय!"

"पर्याय बसत न्हाई ह्याच्यात! जल्दी वापस करून ये."

"बसत नाही, असं तुला त्यांनी शिकवलंय."

चळवळीत मी एकच गोष्ट शिकलो होतो: दार उघडत नसेल तर रेटा वाढवायचा. अंगठ्यानं रेटलं. तळहातानं रेटलं. मग उभा राहून, सगळं वजन टाकून रेटलं.

"अरे, काय करून राह्यलास!" वनिता किंचाळली.

कर्र!

पिना आडव्या झाल्या होत्या. बोर्डवरची बैठकही तडकली होती. आबांनी वाकून पाहिलं. "बैल गोठ्यात मावंना, म्हणून त्याचे पाय मोडलेस व्हय रे?"

वनिता रडेल असं वाटलं. ती रडली नाही. सकाळी उठून बघतो तर आमच्याच दारावर लाल शाईतलं पत्रक!

'बंधू-भगिनींनो, जागे व्हा! घरातल्या मक्तेदाराला ओळखा! बहिणीचं न ऐकणाऱ्या भावाचा जाहीर निषेध! मागण्या: नवा बोर्ड आणि चिठ्ठीतलाच प्रोसेसर मिळालाच पाहिजे. तो आणायला दादाला पाठवू नये.'

खाली पहिली सही आबांची, दुसरी आईची. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीनं ते वाचलं. (माझ्या अकराच्या अकरा पत्रकांना मिळून एवढे वाचक नव्हते!) मीही दोनदा वाचलं. एकही मुद्दा खोडता येईना. शेवटी पेन मागितलं.

"सही कर, न्हाई म्हणत न्हाई," वनिता म्हणाली. "पण आधी तुझा भोंगा काढ. राजूरच्या मंडपवाल्याला विचारून आलेय मी. इकत घेतो म्हणलाय. त्या पैशात बोर्ड येतो."

आता शर्यतीच्या गाड्या आमच्या घरात दिवसभर घुर्रर करत धावतात. आवाजाविरुद्ध मला मोठ्यानं निषेध करायचाय, पण भोंगा भाड्यानं मागायला गेलो की मंडपवाला म्हणतो, "आधी बहिणीची चिठ्ठी आण!"